हॉइट विल्हेम : निसटत्या चेंडूचा धनी

२१ जुलै १९७२ रोजी लॉस एंजलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाने आपल्या एका पिचरला करारमुक्त केले. बेसबॉलच्या व्यवहारात अशा घटना रोजच घडतात. या पिचरच्या बाबतीत वेगळेपण होते ते त्याच्या वयाचे. अधिकृत नोंदींनुसार तो एकोणपन्नासाव्या वर्षात होता आणि प्रत्यक्षात पाचच दिवसांनी त्याला पन्नास पूर्ण होणार होती. ज्या खेळात पस्तिशीनंतर चेंडू फेकणाऱ्याचा खांदा बोलू लागतो, त्या खेळात जेम्स हॉइट विल्हेम एकवीस हंगाम टिकला. १०७० सामन्यांत तो मैदानात उतरला. तोवर कोणत्याही पिचरला एवढे सामने खेळता आले नव्हते. तरीही या एकवीस वर्षांत त्याला नऊ संघ बदलावे लागले आणि त्यांतील बहुतेकांनी त्याला फारसा विचार न करता सोडून दिले.

विल्हेमची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी बेसबॉलमधील एक भूमिका समजून घ्यायला हवी. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना प्रत्येकी नऊ छोटे डाव मिळतात. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो, इथे तसे नसते. एकच पिचर सलग चेंडू फेकत राहतो आणि एकदा त्याला बाहेर काढले की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. सामना सुरू करणारा पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या मदतीला जो धाडला जातो, तो रिलीफ पिचर. तो येतो तेव्हा बहुधा प्रतिस्पर्ध्यांचे खेळाडू बेसवर उभे असतात, आघाडी एखाद-दुसऱ्या धावेची असते आणि त्याच्या पहिल्याच चुकीने सामना हातचा जाऊ शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामाला प्रतिष्ठा नव्हती. उत्तम पिचरने सामना स्वतः सुरू करावा आणि स्वतःच संपवावा, अशी अपेक्षा असे. ज्यांना ते जमत नाही, त्यांची किंवा उतरणीला लागलेल्यांची सोय म्हणजे रिलीफ, असाच समज होता. विल्हेमने आयुष्याचा बहुतांश काळ याच जागेवर काढला.

त्याचा जन्म २६ जुलै १९२२ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हंटर्सव्हिल येथे झाला. वडील दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी आणि घरात अकरा मुले. शाळेच्या संघात चेंडू फेकताना हॉइटला एक गोष्ट लवकर कळून चुकली. आपल्या हातात वेग नाही. बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांच्यातील अंतर साठ फूट सहा इंच असते आणि ज्याचा चेंडू हे अंतर झपाट्याने कापत नाही, त्याच्याकडे व्यावसायिक संघ ढुंकूनही पाहत नाहीत. त्याच सुमारास वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचा एमिल ‘डच’ लिओनार्ड हा पिचर नकलबॉल नावाच्या विचित्र चेंडूच्या जोरावर नावारूपाला आला होता. लिओनार्ड चेंडू कसा धरतो, याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले. ते पाहून या मुलाने टेनिसच्या चेंडूवर सराव सुरू केला. त्याला शिकवायला कोणी प्रशिक्षक नव्हता. एका छायाचित्रावरून शिकलेली ही विद्या पुढे त्याची ओळख ठरली.

नकलबॉल हा चेंडू बोटांच्या टोकांनी आणि नखांनी पकडून असा सोडतात की हवेत तो जवळजवळ फिरतच नाही. क्रिकेट पाहणाऱ्याला ठाऊक असते की फिरकी गोलंदाजाची सारी करामत चेंडू फिरवण्यात असते. नकलबॉलचे सारे यश तो न फिरवण्यात आहे. फिरणारा चेंडू हवेत ठरावीक दिशेने वळतो आणि सरावलेला बॅटर त्याचा अंदाज बांधू शकतो. न फिरणाऱ्या चेंडूवरील शिवण मात्र हवेचा प्रवाह कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला विस्कटते आणि चेंडू वाटेतच डुलतो, घसरतो किंवा अचानक खाली बसतो. तो कुठे जाईल हे बॅटरला कळत नाही, कॅचरलाही कळत नाही आणि खुद्द फेकणाऱ्यालाही पुरते सांगता येत नाही. त्यासाठी ताकदही कमी लागते. त्यामुळे हाताची झीज कमी होते. विल्हेमचे दीर्घायुष्य आणि त्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा, या दोहोंचे मूळ या एकाच चेंडूत होते.

१९४२ मध्ये तो मूर्सव्हिल या गावच्या संघाकडून अगदी खालच्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळू लागला. पण एक हंगाम होतो न होतो तोच त्याला सैन्यात जावे लागले. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधील आर्देनच्या जंगलात जर्मन सैन्याने अखेरचा मोठा प्रतिहल्ला चढवला. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लढाईत विल्हेम जखमी झाला. तोफगोळ्याचे तुकडे त्याच्या पाठीत आणि हातात घुसले. रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ हे पदक त्याला मिळाले. पाठीत रुतलेला धातूचा तुकडा मात्र निघाला नाही. पुढची सारी कारकीर्द तो हा तुकडा अंगात बाळगूनच खेळला. सहकाऱ्यांत त्याला ‘ओल्ड सार्ज’ हे नाव पडले, ते सार्जंट म्हणून केलेल्या सैन्यसेवेवरून.

युद्धानंतर तो मूर्सव्हिलला परतला. १९४६ आणि १९४७ या दोन्ही हंगामांत त्याने वीस किंवा त्याहून अधिक सामने जिंकून दिले. तेव्हा न्यूयॉर्क जायंट्सने त्याला आपल्याकडे घेतले, पण मुख्य संघात नव्हे. जॅक्सनव्हिल आणि मिनिआपोलिस येथील दुय्यम संघांत त्याची आणखी चार वर्षे गेली. तेथे तो मुख्यतः सामना सुरू करणारा पिचर होता आणि यशस्वीही होता. पण नकलबॉलवर जगणारा पिचर म्हणजे जुगार, हे मत वरच्या वर्तुळात पक्के होते. तरुण खेळाडू त्याच्या डोळ्यांदेखत वर गेले आणि तो तिथेच राहिला. अखेर एप्रिल १९५२ मध्ये त्याला मुख्य संघात पदार्पणाची संधी मिळाली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. त्या वयात अनेकांची कारकीर्द अर्ध्यावर आलेली असते.

जायंट्सचा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर याने या प्रौढ नवोदिताला सामना सुरू करण्याचे काम न देता रिलीफसाठी राखून ठेवले. २३ एप्रिल १९५२ रोजी विल्हेम प्रथमच बॅट घेऊन उभा राहिला आणि त्याने चक्क होमरन ठोकला. पुढे एकवीस वर्षांत त्याच्या बॅटमधून दुसरा होमरन कधीही निघाला नाही. त्याचे खरे काम चेंडूचेच होते. त्या हंगामात तो ७१ सामन्यांत उतरला, सगळ्याच सामन्यांत बदली पिचर म्हणून. त्याने १५ सामने जिंकून दिले आणि फक्त तीन गमावले. दर नऊ डावांमागे पिचरच्या खाती पडणाऱ्या धावांच्या सरासरीवरून त्याचा दर्जा ठरतो. विल्हेमची सरासरी होती २.४३ आणि ती नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी होती. केवळ रिलीफ पिचर म्हणून खेळून हा मान मिळवणारा तो पहिलाच. सर्वोत्तम नवोदिताच्या किताबासाठी मात्र तो दुसरा आला. तो किताब ब्रुकलिन डॉजर्सच्या ज्यो ब्लॅकला मिळाला.

१९५४ हे जायंट्सचे वर्ष होते. विल्हेमने १२ विजय मिळवले आणि त्याची सरासरी २.१० वर आली. जागतिक मालिकेत जायंट्सची गाठ पडली ती हंगामात तब्बल १११ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँड इंडियन्सशी. जायंट्सने चारही सामने जिंकून साऱ्यांना थक्क केले. तिसऱ्या सामन्यात आघाडी राखण्याचे काम विल्हेमने चोख केले. ही त्याची पहिली जागतिक मालिका. तीच शेवटचीही ठरेल, असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नसेल.

याच वर्षी या विद्येची दुसरी बाजूही लोकांसमोर आली. सप्टेंबरमधील एका सामन्यात त्याचा चेंडू अडवताना कॅचर रे कॅट याच्या हातून एकाच डावात चार वेळा चेंडू निसटला. तो एक नकोसा विक्रमच झाला. कॅचरच्या हातून चेंडू सुटला की बेसवरील खेळाडू पुढे सरकतात. रिलीफ पिचरला बोलावतात तेच मुळी बेसवर खेळाडू असताना. म्हणजे ज्या क्षणी सर्वाधिक खात्री हवी, त्याच क्षणी विल्हेम सर्वाधिक अनिश्चित चेंडू घेऊन मैदानात येत असे. बॅटर चकले तरी संघाच्या छातीत धडधड कायम राही. चांगल्या दिवसांत व्यवस्थापक हे सोसत. वाईट दिवस आले की दोष सर्वांत आधी त्याच्या चेंडूला दिला जाई.

वाईट दिवस लवकरच आले. १९५५ आणि १९५६ मध्ये त्याची सरासरी चारच्या आसपास गेली. १९५७ च्या हंगामापूर्वी जायंट्सने त्याला सेंट लुई कार्डिनल्सकडे देऊन टाकले. तिथेही जम बसला नाही. हंगाम संपायच्या आतच कार्डिनल्सने त्याच्यावरील हक्क सोडला आणि क्लीव्हलँडने त्याला उचलले. क्लीव्हलँडकडे त्याने १९५८ मध्ये चेंडू वाईट टाकला नाही. सरासरी २.४९ म्हणजे उत्तमच होती. पण खात्यावर दोन विजय आणि सात पराभव जमा झाले होते. ऑगस्टमध्ये त्या संघानेही हक्क सोडला. दीड वर्षात तिसऱ्यांदा त्याने सामान बांधले. वय छत्तीस. या वेळी त्याला घेतले ते गुणतक्त्याच्या खालच्या भागात राहणाऱ्या बाल्टिमोर ओरिओल्सने.

बाल्टिमोरचा व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स वेगळ्या डोक्याचा माणूस होता. ज्याला सगळे ओझे समजत होते, त्याला त्याने थेट सामना सुरू करायला सांगितले. २० सप्टेंबर १९५८ रोजी बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये समोर होता न्यूयॉर्क यांकीज, त्या काळातील सर्वांत बलाढ्य संघ. त्यांच्या बाजूने सुरुवातीला चेंडू फेकत होता डॉन लार्सन. १९५६ च्या जागतिक मालिकेत एकाही प्रतिस्पर्ध्याला बेसवर पोहोचू न देण्याचा पराक्रम गाजवलेला हाच तो लार्सन. पावसाची रिपरिप चालू असताना विल्हेमने नऊ डाव एकट्याने टाकले आणि यांकीजच्या एकाही बॅटरला फटका मारून बेस गाठता आला नाही. सातव्या डावात कॅचर गस ट्रायँडोसने होमरन मारला आणि बाल्टिमोरने सामना १-० असा जिंकला. बेसबॉलच्या भाषेत याला नो-हिटर म्हणतात आणि अनेक थोर पिचरांच्या नशिबी तो आयुष्यात एकदाही येत नाही. महिन्याभरापूर्वी टाकून दिलेल्या माणसाच्या नशिबी तो आला होता.

१९५९ च्या हंगामात त्याने पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. वर्षाअखेर त्याची २.१९ ही सरासरी अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम ठरली. एका लीगमध्ये रिलीफ पिचर म्हणून आणि दुसऱ्या लीगमध्ये प्रामुख्याने सामना सुरू करणारा म्हणून त्याने तोच मान मिळवला होता. कॅचरची दैना मात्र चालूच राहिली. त्या एका हंगामात ट्रायँडोसच्या हातून २८ वेळा चेंडू निसटला. रिचर्ड्सने यावर उपाय म्हणून १९६० मध्ये नेहमीपेक्षा कितीतरी मोठा, परातीसारखा दिसणारा कॅचरचा हातमोजा बनवून घेतला. हशा झाला, पण निसटणारे चेंडू कमी झाले. पुढे हातमोज्याच्या आकारावर मर्यादा घालणारा नियम करावा लागला. एका माणसाच्या चेंडूसाठी साधन बदलले आणि मग त्या साधनासाठी खेळाचा नियम बदलला.

जानेवारी १९६३ मध्ये अनेक खेळाडूंच्या अदलाबदलीत विल्हेम शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. त्या व्यवहारातील ठळक नाव होते लुइस अपारिसिओ या नामवंत शॉर्टस्टॉपचे. चाळिशी गाठलेला विल्हेम हा सौद्यातील एक भाग होता, इतकेच. पण त्याच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ आणि स्थिर यशाचा काळ इथेच सुरू झाला. १९६४ ते १९६८ या सलग पाच हंगामांत त्याची सरासरी दोनच्या खाली राहिली. १९६७ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती १.३१ इतकी खाली आली. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बॅटरांना तो खेळवत होता. कॅचरांचे हाल इथेही संपले नाहीत. १९६५ मध्ये जे. सी. मार्टिन या कॅचरच्या हातून ३३ चेंडू निसटले.

यशाच्या याच काळात हुलकावणीही मोठी मिळाली. १९६४ मध्ये व्हाइट सॉक्सने ९८ सामने जिंकले आणि यांकीजने ९९. एका विजयाच्या फरकाने जागतिक मालिकेचे दार बंद झाले. १९६७ मध्ये अखेरच्या आठवड्यापर्यंत संघ शर्यतीत होता आणि तिथेच कोसळला. दुसऱ्या जागतिक मालिकेची विल्हेमची वाट संपली नाही.

१९६७ मध्ये विल्बर वुड नावाचा एक डावखुरा पिचर संघात आला. त्याच्याकडे नकलबॉल होता, पण तो इतर चेंडूंच्या जोडीने त्याचा वापर करी. नकलबॉल टाकायचा तर तोच टाकावा, अर्धवट टाकू नये, असा सल्ला विल्हेमने त्याला दिला. वुडने तो मानला. १९६८ मध्ये तो ८८ सामन्यांत खेळला आणि पुढच्या दशकात व्हाइट सॉक्सचा आधारस्तंभ बनला. आपल्याच जागेवर दावा सांगू शकेल अशा तरुणाला विल्हेमने आपली विद्या हातचे न राखता दिली होती.

जुलै १९६८ मध्ये त्याने सर्वाधिक ९०६ सामने खेळण्याचा साय यंग या आद्य पिचरचा विक्रम मागे टाकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या संघांसाठी खेळाडू निवडण्याची वेळ आली तेव्हा व्हाइट सॉक्सने आपल्या राखीव यादीत त्याचे नाव ठेवले नाही. कॅन्सस सिटी रॉयल्सने त्याला निवडले आणि एकही सामना न खेळवता डिसेंबरमध्ये कॅलिफोर्निया एंजल्सकडे धाडले. सप्टेंबर १९६९ मध्ये जेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला बोलावले. पुढच्या काही आठवड्यांत तो आठ सामन्यांत उतरला आणि जवळजवळ धावा दिल्याच नाहीत. ब्रेव्ह्जने आपला विभाग जिंकला. पण ऑगस्टनंतर संघात आलेल्या खेळाडूला अंतिम टप्प्यातील सामने खेळता येत नाहीत, हा नियम आडवा आला. ज्या संघाला त्याने तिथवर पोहोचवायला हातभार लावला, तो संघ न्यूयॉर्क मेट्सकडून तीन सामने सलग हरला तेव्हा विल्हेम मैदानाबाहेर होता.

१९६९ हेच वर्ष रिलीफ पिचरच्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. संघाची आघाडी अखेरपर्यंत राखणाऱ्या पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ जमा करण्याची पद्धत त्या वर्षी अधिकृत नोंदींत आली. विल्हेमचे बहुतांश काम त्याआधीच झाले होते. सामना वाचवणाऱ्याच्या खात्यावर काही लिहावे, असे खेळाला वाटू लागले तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता. त्याच्या नावावरील दोनशेहून अधिक सेव्हपैकी बहुसंख्य नंतर जुन्या धावपत्रकांवरून मोजले गेले.

मे १९७० मध्ये तो हजार सामने खेळणारा पहिला पिचर झाला आणि त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार संघातही त्याची निवड झाली. त्यानंतर शिकागो कब्ज, पुन्हा ब्रेव्ह्ज आणि शेवटी डॉजर्स असा प्रवास झाला आणि जुलै १९७२ मध्ये तो थांबला. एकूण १४३ विजय, त्यांपैकी १२४ रिलीफ पिचर म्हणून, आणि सरासरी २.५२. खेळाच्या काळातील नोंदींत त्याचे जन्मवर्ष १९२३ असेच होते. ते १९२२ असल्याचे नंतर स्पष्ट झाले. पदार्पणाच्या वेळी आधीच उशीर झालेल्या खेळाडूला ते एक वर्षही मोलाचे होते.

निवृत्तीनंतर त्याने दुय्यम संघांचे व्यवस्थापन केले आणि नंतर बरीच वर्षे यांकीजच्या तरुण पिचरांना शिकवले. कूपरस्टाउन येथील हॉल ऑफ फेममधील प्रवेश हा बेसबॉलमधील सर्वोच्च सन्मान. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी नाव मतदानाला येते आणि क्रीडापत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. १९७८ पासून दरवर्षी विल्हेमचे नाव येत राहिले आणि मागे पडत राहिले. त्याच्या क्षमतेविषयी शंका क्वचितच कोणाला होती. रिलीफ पिचरला या पंक्तीत बसवावे का, हा खरा प्रश्न होता. आजवर कोणाला बसवलेले नव्हते. १९८४ मध्ये तो अवघ्या १३ मतांनी हुकला. १९८५ मध्ये, आठव्या प्रयत्नात, त्याला सुमारे ८४ टक्के मते मिळाली आणि मुख्यतः रिलीफ पिचर म्हणून खेळलेला पहिला खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

त्यानंतर ती वाट मोकळी झाली. १९९२ मध्ये रॉली फिंगर्स गेला, पुढे आणखी काही गेले. १९९८ मध्ये डेनिस एकर्स्लीने विल्हेमचा सामन्यांचा विक्रम मोडला. २०१९ मध्ये मारियानो रिव्हेरा हा यांकीजचा रिलीफ पिचर हॉल ऑफ फेमच्या इतिहासात शंभर टक्के मते मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. ज्या कामासाठी विल्हेमला आठ वर्षे ताटकळावे लागले, त्या कामाला तोवर एकाही मताचा विरोध उरला नव्हता.

हे पाहायला तो नव्हता. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लोरिडातील सॅरासोटा येथे वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. रिलीफ पिचर म्हणून मिळवलेल्या १२४ विजयांचा त्याचा विक्रम मात्र त्यानंतरही कोणाला मोडता आलेला नाही.